कोपरांवरचं पाणी

१

दुकानातून घरी आलो की मी आधी हात धुतो. दारात पाहुणा उभा असो, फोन वाजत असो, बायको महत्त्वाचं काही सांगत असो. हात आधी, जग नंतर. लोक हसतात. हसू द्या. ज्याचा संसार साबणावर उभा राहिला, त्याने साबणाशी बेइमानी करू नये.

मी जंतुनाशकांचा व्यापारी. स्पिरिट, फिनेल, आयोडीन, कार्बोलिक साबण, कापूस, रबरी हातमोजे. ऑपरेशन थिएटरात जे जे लागतं आणि जे चुकून रोग्याच्या पोटात राहता कामा नये, ते सगळं माझ्याकडे मिळतं. शाळा लवकर सुटली. माझं कॉलेज म्हणजे डब्यांवरची लेबलं, आणि प्राध्यापक म्हणजे माल उतरवून घेताना दोन शब्द बोलणारे डॉक्टर. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी मी गिऱ्हाइकाला तिखटमीठ न लावता सांगतो, कारण त्या मुळातच तिखट आहेत.

एके काळी म्हणे सर्जन लोक एकच जुना कोट वर्षानुवर्षं घालून ऑपरेशन करायचे. कोट रक्ताने जितका कडक, तितका माणूस अनुभवी. आपण कुस्तीगिराच्या अंगावरची माती बघतो ना, तसं. मुडदे तपासून आलेले हात तसेच बाळंतिणीपाशी जायचे आणि ओल्या बाळंतिणी तापाने पटापट मरायच्या. कुणी एकाने म्हटलं, अहो, हात धुऊन जा. तर बाकीचे खवळले. आमचे हात घाण? आमचे? पुढे कार्बोलिकचं पाणी हवेत फवारायला लागले, तर सगळं थिएटर खोकत बसायचं. पण माणसं जगायला लागली. जो हात बरा करायला येतो तोच मरण घेऊन येऊ शकतो, एवढी साधी गोष्ट शहाण्यांना पटायला एक पिढी खपली.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की बायको मधेच म्हणते, "आता कोट येईल." आणि कोट येतो.

२

मी ज्या मोठ्या हॉस्पिटलला माल देतो, तिथला जुना विभाग पाडून नवा बांधायचा ठरला. जुन्या थिएटराबाहेर हात धुवायचं एक भलंमोठं बेसिन होतं. जाड, पांढऱ्या चिनी मातीचं, कडा गोल, खोली अशी की तान्हं मूल सहज बुडेल. त्याच्या नळांना वीतभर लांब दांड्या. हात धुतल्यावर सर्जनने नळाला पुन्हा हात लावायचा नसतो. कोपराने दांडी ढकलली की नळ चालू, कोपराने ओढली की बंद. भंगारवाला त्यावर घण उगारून उभा होता. मला बघवेना. मी ते उचलून घरी आणलं.

"हे काय आणलंत? घरात हत्तीला अंघोळ घालायची आहे का?" बायको म्हणाली.

"हात धुवायचे आहेत."

"दोनच आहेत ना तुम्हाला?"

स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मधल्या बोळात ते बसवलं. वर खिडकी आहे, दुपारी तिथून उजेड थेट बेसिनात पडतो. साबणाला कोनाडा, नखं घासायच्या ब्रशला खिळा. मी आलो की दांडी कोपराने ढकलायचो आणि उगाच मोठा सर्जन झाल्यासारखं वाटायचं. बायको मात्र हात धुवायला मागच्या नळावरच जायची. म्हणायची, त्या भांड्यात हात घातला की आपण कुणाचं तरी काम अडवतोय असं वाटतं.

मी हसण्यावारी नेलं.

आता साबणाबद्दल मला विचारा. साबण झिजतो कसा यावरून मी माणूस सांगतो. घाईचा माणूस एकाच बाजूने झिजवतो. आळशाचा साबण कडेला वितळून पडतो. बायकोच्या हातचा साबण सगळीकडून सारखा, शेवटपर्यंत वडीसारखा दिसतो. माझा साबण कोपऱ्यांवर गोल होतो, कारण मी बोलत बोलत हात धुतो.

तर एके दिवशी दुपारच्या झोपेनंतर मी बेसिनाशी गेलो आणि साबण हातात घेतला. त्याला मधोमध खळगा पडला होता. दोन्ही बाजूंनी. कुणीतरी तो तळहातात धरून गरागरा फिरवला होता, मनगटापासून कोपरापर्यंत वर-खाली नेला होता, आणि हे बराच वेळ केलं होतं. ब्रश ओला होता. त्याचे केस एकाच दिशेला झोपले होते, नखांखाली नेटाने घासल्यावर झोपतात तसे.

घरात आम्ही दोघंच. मुलगा परगावी. बायको आत झोपलेली.

मी साबण हुंगला. कार्बोलिक. त्यात नवल काय? मीच आणलेला. पण वास साबणाचा नव्हता, हवेचा होता.

३

माझी बुद्धी व्यापारी आहे. माल कमी भरला की भूत आठवायचं नाही, आधी तराजू तपासायचा. मी नळवाल्याला बोलावलं.

नळवाला बेसिनाखाली पाठीवर झोपला आणि तिथूनच बोलत राहिला. "शेट, असा माल आता मिळत नाही. नळ तर घट्ट आहेत. गळत काही नाही. का बोलावलंत?"

"जमीन ओली होते."

"कुठे?"

मी दाखवलं. बोळातल्या फरशीवर थेंब पडलेले असत, दुपारी झोपून उठलं की. थेंब म्हणजे सांडलेलं पाणी नव्हे. दोन रांगा. एकमेकींपासून साधारण खांद्याएवढ्या अंतरावर, समांतर, बेसिनापासून निघून झोपायच्या खोलीकडे जाणाऱ्या. मधेच संपणाऱ्या.

नळवाल्याने मान तिरकी केली. "वहिनी ओले कपडे घेऊन जात असतील."

"कपडे मागच्या अंगणात वाळत घालतात."

"मग तुम्हीच. हात न पुसता चालत जात असाल."

मी हात धुऊन चालून दाखवलं. बोटांवरून पाणी गळलं, कसंही, वेडंवाकडं, माझ्या पावलांच्या पुढेमागे. रांग होईना. नळवाला हसायला लागला. "शेट, तुम्हाला सरळ चालता येत नाही एवढंच सिद्ध झालं. वय झालं."

त्याने उगाच एक वायसर बदलला, चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी रांगा पुन्हा होत्या. आदल्या दिवशीपेक्षा दोन फरश्या पुढे.

४

मला उत्तर मिळालं ते हॉस्पिटलात, आणि न विचारता.

हातमोज्यांची खोकी घेऊन मी नव्या थिएटराच्या दाराशी उभा होतो. तिथल्या मोठ्या सर्जनबाई माझ्या जुन्या ओळखीच्या. जिभेने तिखट, हाताने हलक्या. त्या शेजारच्या हात धुवायच्या खोलीत होत्या. काचेतून दिसत होतं. नखं, बोटांच्या बेचक्या, तळवा, मनगट, मग कोपरापर्यंत. ठरलेल्या क्रमाने, एकदा, पुन्हा. मग कोपराने नळ बंद केला आणि दोन्ही हात वर धरून बाहेर आल्या. बोटं आभाळाकडे, कोपर खाली.

"काय शेट, नमस्कार करायला हात रिकामे नाहीत," त्या म्हणाल्या.

"बाई, हात असे वर का धरता? रोज बघतो, विचारायचं राहिलं."

"पाणी बोटांकडून कोपराकडे यायला पाहिजे. बोटं सगळ्यात स्वच्छ. खाली धरले तर कोपराची घाण बोटांवर येईल. तुमच्या त्या कोटाच्या गोष्टीत हे नाही वाटतं?"

त्यांच्या दोन्ही कोपरांवरून थेंब पडत होते. टप. टप. चालत पुढे गेल्या तसे दोन रांगांत, सरळ, खांद्याएवढ्या अंतरावर. थिएटराचं दार आलं. त्यांनी दाराला हात लावला नाही. वळल्या, पाठीने दार ढकललं आणि तशाच उलट्या आत गेल्या.

दार त्यांच्यामागे मिटलं. मी त्या थेंबांकडे बघत उभा राहिलो. मागून थोरली सिस्टर आली. ही बाई म्हणजे हॉस्पिटलाची सासू. तिच्या वॉर्डात माशीसुद्धा परवानगी काढून येते.

"शेट, खोकी द्या आणि बाजूला व्हा. फरशी पुसायची आहे. आणि चेहरा असा का? बिल थकलंय का?"

"नाही हो," मी म्हणालो. "झोप कमी झाली."

५

आमच्या झोपायच्या खोलीचं दार जड आहे. लाकूड फुगलं आहे. मूठ फिरवून भागत नाही, अंगाने रेटावं लागतं. म्हणून दुपारी ते नुसतं लोटून घेतलं तरी घट्ट बसतं.

त्या दिवशी मी झोपलो नाही. डोळे मिटून पडून राहिलो, पण मनाला सांगितलं, जागं राहा. शेजारी बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. बोळात नळाची दांडी कुरकुरली. पाणी पडायला लागलं.

भीती वाटली का? सांगतो. आधी बरं वाटलं. घरात कुणी हात धुतंय या आवाजात काही वाईट नसतं. पोर खेळून आलं, पाहुणा जेवायला बसतोय, असाच तो आवाज. पण तो थांबेना. ब्रशाचा आवाज, बारीक, एका लयीत. थांबायचा, पुन्हा सुरू. असं हात धुणारा माणूस जेवायला बसणार नसतो.

दांडी पुन्हा कुरकुरली. पाणी थांबलं. टप. टप.

आणि दार रेटलं गेलं. मुठीचा आवाज न होता, मधोमध, पाठीएवढ्या उंचीवर दाब पडावा तसं ते फुगलेलं लाकूड करकरलं आणि उघडलं. कार्बोलिकचा गार वास आत आला. मी डोळे उघडले नाहीत. माणूस स्वतःला शूर समजतो ते डोळे मिटायची वेळ येईपर्यंत.

थेंब माझ्या पायथ्याकडून गेले. पलीकडे, बायकोच्या बाजूला. तिथे थांबले. एकाच जागी पडत राहिले.

किती वेळ ते माहीत नाही. उठलो तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. बायकोच्या बाजूला फरशीवर दोन लहान थारोळी होती, खांद्याएवढ्या अंतरावर. कुणीतरी हात वर धरून तिच्यापाशी उभं होतं. सर्जन उभा राहतो तसं. सगळी तयारी झाल्यावर, रोगी गुंगीत जाईपर्यंत.

मी काय करावं? मी व्यापाऱ्याने करावं ते केलं. गिऱ्हाईक नको असेल तर दुकानाची फळी लावायची. बेसिनाखालचा कॉक पिळून पाणी बंद केलं, साबण आणि ब्रश बोळातल्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

त्यानंतर फरशी कोरडी. माझ्या अकलेवर मी खूश होतो. झोपायच्या खोलीचं दार तेवढं रोज दुपारी उघडं सापडायचं, पण म्हटलं, हवा कोरडी झाली आहे, लाकूड आकसलं असेल.

६

"पाणी तुम्ही बंद केलंत?" बायकोने विचारलं. ती डाळ निवडत होती, मान खालीच.

"गळत होतं."

"गळत नव्हतं. मी पुसत होते ते."

तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुम्हाला फक्त बोळातले दिसले. आतले आणि दाराजवळचे मी रोज पुसून टाकत होते. तुम्हाला उगीच घोर नको. त्या दिवशी डोळा लागला, राहून गेलं."

"तू जागी असायचीस?"

"अहो, माझ्या उशाशी कुणी उभं राहिलं तर मला कळणार नाही का?" असं म्हणून तिने डाळीचं ताट बाजूला सारलं. डावा हात वर केला आणि उजव्या हाताची बोटं काखेखाली ठेवली. "इथे गाठ आहे. सुपारीएवढी होती. आता वाढली आहे."

मी तिच्यासमोर फतकल मारून बसलो.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला तुमच्या त्या बाईंकडे नेलं असतं."

"मग?"

"माझ्या आईचं ऑपरेशन छान झालं होतं. सगळे म्हणाले, छान झालं. टाके सुंदर होते. पुढे जखम चिघळली. ताप डोक्यात गेला. शेवटी तिने मला ओळखलं नाही." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, जशी बाजारातले भाव सांगते. "मला चाकूची भीती नाही. नंतरची आहे."

मी बोलायला लागलो. मला दुसरं येतं काय? तेव्हाचं वेगळं, आताचं वेगळं. तेव्हा हत्यारं नुसती उकळायचे, आता वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. तेव्हा एकच स्पंज सगळ्या वॉर्डात फिरायचा...

"आता कोट येईल," ती म्हणाली.

आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पदराने पुसून म्हणाली, "जाऊ या. जो कोणी येतो त्याला माझ्या आधी कळलंय. मग लपवून काय उपयोग? पण ते पाणी सोडा."

"कशाला?"

"धुऊन येतात बिचारे. धुवू द्या."

मी हो हो म्हणालो आणि सोडलं नाही. खरं सांगतो, माझं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. गाठ होती म्हणून ते हात आले, की हात येत होते म्हणून गाठ झाली? माझीच गोष्ट मला चावत होती. बरे करणारे हात आणि मरण आणणारे हात दिसायला सारखेच असतात. असल्या हातांना मी माझ्या घरचं पाणी का द्यावं?

७

ऑपरेशन छान झालं.

सर्जनबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली. वेळेवर आलात." टाके सुंदर होते.

पुढे ताप आला. आधी किरकोळ, मग चढता. जखमेच्या कडा लाल, कडक. बाईंनी औषध बदललं, पुन्हा बदललं. थोरली सिस्टर वॉर्डातल्या सगळ्यांवर ओरडत होती. कुणी हात धुतले, कुणी नाही, पट्टी कुणी बदलली. "माझ्या वॉर्डात हे होत नाही," ती मला म्हणाली, आणि तिच्या आवाजात मी पहिल्यांदा तक्रार ऐकली, हुकूम नाही. "शेट, इथे सगळं स्वच्छ आहे. मग हे येतंय कुठून?"

बायकोने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ओठ कोरडे पडले होते.

"कोरडे आहेत हो," ती म्हणाली.

"पाणी देऊ?"

"माझे नाही. त्यांचे हात." आणि पुन्हा ग्लानीत गेली.

सिस्टर म्हणाली, तापात बोलतात माणसं. तुम्ही घरी जाऊन कपडे बदला, तुमच्याच अंगाला वास मारतोय.

मी घरी आलो. भर दुपार. खिडकीतून ऊन बेसिनात पडलं होतं, चिनी माती दुधासारखी चमकत होती. मी पलंगावर, बायको झोपते त्या बाजूला टेकलो. दमलो होतो, रडू येत नव्हतं.

बोळात दांडी कुरकुरली.

पाणी आलं नाही. थोडा वेळ शांत. दांडी पुन्हा कुरकुरली, या टोकाला, त्या टोकाला. घाई नव्हती त्यात. जरा थांबून पुन्हा. कपाटाचं दार हललं, कुलूप वाजलं. पुन्हा दांडी. दारात उभ्या गिऱ्हाइकाने कडी वाजवत राहावी, आणि मालकाने आत दिवा विझवून बसावं, तसा मी बसलो होतो. रोज दुपारी हे असंच झालं असेल. रोज. आणि मग हात न धुताच दार उघडलं असेल. दार तर रोज उघडत होतं!

तेवढ्यात ते करकरलं.

पलंगासमोर कपड्यांच्या कपाटाला आरसा आहे. मला वळायचं धाडस झालं नाही, पण आरसा समोरच होता, आणि डोळे मिटायचे मी विसरलो. दाराच्या फटीत, पाठीने आत येणाऱ्या अंधाराच्या पुढे, दोन हात वर धरलेले. फक्त हात. म्हातारे, नेमके, निवांत. बोटं आभाळाकडे. आणि ते कोपरापर्यंत काळपट होते, कडक झालेल्या कापडासारखे, आणि नखांखाली काहीतरी भरलं होतं. ते थेंबाशिवाय, आवाजाशिवाय माझ्या बायकोच्या बाजूला निघाले. तिथे मी बसलो होतो. ते थांबले. बोटं किंचित हलली. कुणीतरी विचारात पडावं तशी. ती इथे नाही, हॉस्पिटलात आहे, हे आठवल्यासारखी. मग दाराकडे वळली. घराबाहेर जाणाऱ्या दाराकडे.

मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगायला लाज वाटत नाही. गिऱ्हाइकाला मागे बोलावतात तसंच ओरडलो. "अहो थांबा! पाणी देतो! थांबा!"

धावत बोळात गेलो, गुडघ्यांवर पडलो, कॉक उलटा पिळला. नळ खोकला, गढूळ आला, मग स्वच्छ. कपाटाचं कुलूप उघडून नवी साबणाची वडी काढली, वेष्टन दातांनी फाडलं, कोनाड्यात ठेवली. ब्रश ठेवला. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, लहानपणी लपंडावात राज्य आल्यावर उभं राहतात तसा.

माझ्या मागे पाणी वाजत राहिलं. नखं. बेचक्या. तळवा. मनगट. कोपर. आणि पुन्हा पहिल्यापासून.

पाणी थांबलं तेव्हा मी वळलो. बेसिनात फेस खाली उतरत होता, करडा, शेवटी पांढरा. दोन रांगा बोळातून निघाल्या होत्या. झोपायच्या खोलीवरून सरळ पुढे, ओटी ओलांडून, उंबऱ्यावरून, पायरीवर, रस्त्यावरच्या उन्हात. तिथे थेंब पडत होते आणि वाळत होते. हॉस्पिटलाच्या दिशेने.

मी कपडे न बदलताच मागे निघालो.

वॉर्डाच्या दाराशी थोरली सिस्टर फडका घेऊन उभी. "कुणी पाणी सांडलं हे? पलंगापर्यंत! शेट, तुम्ही का?"

"पुसू नका," मी म्हणालो. "हात जोडतो, पुसू नका."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच आता खाट द्यावी लागणार. पण तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"अहो, तुम्ही अजून त्याच कपड्यांत?" बायको म्हणत होती. कपाळावर घाम फुटला होता, टपोरा, ताप उतरतानाचा. "किती हो वास येतोय."

८

ती घरी आली. जखम भरली. सर्जनबाई म्हणतात, औषध लागू पडलं, आणि त्या खोटं बोलत नाहीत. मी वाद घालत नाही. व्यापारात एक शिकलो: माल चांगला निघाला की कुठून आला ते दोनदा विचारू नये.

आमचं छान चाललं आहे. मुलगा येऊन राहून गेला. नळवाला येतो, चहा पितो, म्हणतो, शेट, आता सरळ चालता का? दुकानात मी अजून गोष्ट सांगतो, पण कोटापाशी आलो की जरा घाईने पुढे सरकतो. बेसिनाचा कॉक उघडा असतो. साबण संपायच्या आधी मी नवा ठेवतो, आणि तो बहुतेक वेळा माझ्याच हातांनी कोपऱ्यांवर गोल होतो.

परवा दुपारी झोपून उठलो तर साबणाला मधोमध खळगा होता.

मी बोळातून रांगांच्या कडेकडेने चालत गेलो. दार उघडं होतं. रांगा पलंगापाशी गेल्या होत्या आणि दोन थारोळी होती. माझ्या बाजूला.

बायको उठून बसली होती, केस बांधत होती. तिने थारोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अलीकडे जेवल्यावर छातीशी हात धरता," ती म्हणाली. "मला वाटलं, सांगाल."

"पित्त आहे."

"हो का?" तिने वेणीचा शेवटचा पेड घातला. वाकून एका थारोळ्याला बोट लावलं, नाकाशी नेलं. "धुऊन आलेत ना? मग झालं. उद्या बाईंकडे जाऊ. सकाळचा चहा घेऊ नका, तपासण्या असतील."

ती चहा टाकायला गेली. मी बेसिनाशी उभा राहिलो. झिजलेली वडी काढून नवी ठेवली. ब्रश झटकला. मग वाटलं, एवढं करतोच आहोत तर, म्हणून कपाटातला धुतलेला टॉवेल आणून कोनाड्याशेजारी टांगला, आणि लगेच काढून घेतला. घासून धुतलेल्या हातांना घरचा टॉवेल चालत नाही.